सागाचा सौदा आणि एक कोरा कागद

पत्राचा सारांश: रत्नागिरी जिल्ह्यात मूळ गाव असलेले आणि नोकरीनिमित्त ठाण्यात राहणारे एक वाचक लिहितात, "वडिलांनी 1988 साली सामाजिक वनीकरणाकडून साग जड्या आणून गावच्या दीड एकरात लावल्या होत्या. आज तिथे सव्वाशेच्या आसपास झाडं उभी आहेत. दोन वर्षांपूर्वी वडील गेले. सातबारावर आता आई, मी आणि दोन बहिणी अशी नावं आहेत. बहिणी लग्न होऊन गेल्या, त्यांचा जमिनीशी तसा संबंध नाही. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं आहे आणि घराचं छप्परही बदलायचं आहे, म्हणून साग विकायचं ठरवलं. तालुक्याच्या एका व्यापाऱ्याने उक्ता सौदा केला आणि वीस हजार विसारही दिला. त्याचं म्हणणं असं, की परवानगीचं तो बघून घेईल, मी फक्त दोन कोऱ्या कागदांवर आणि एका स्टॅम्प पेपरवर सही करायची. पावसाआधी तोड उरकायची म्हणून तो रोज फोन करतो. गावात कोणी म्हणतं, वन खात्याच्या रेंज ऑफिसला कळवल्याशिवाय झाडाला हात लावू नको, तर कोणी म्हणतं, एकदा कागदाच्या नादी लागलास की पाच वर्षं गेली. जमीन आमची, झाडं वडिलांनी लावलेली, पाणी आईने घातलेलं, मग परवानगी मागायची ती कशाची? आणि मागायचीच असेल तर व्यापाऱ्यावर सोपवायला काय हरकत आहे? आईचं एकच म्हणणं आहे, विहिरीजवळची दोन झाडं ठेवा."

उत्तर:

तुमच्या पत्रातली चीड मला समजते. आपल्या हाताने वाढवलेल्या झाडासाठी दुसऱ्याच्या दारात अर्ज घेऊन उभं राहणं कोणाला आवडेल? माझ्या आजोळी पडवीच्या वाशांसाठी एक ऐन (इमारती लाकडाचं झाड) तोडला होता, बांधावरचा. गिरणीत नेताना टेम्पो वन खात्याच्या नाक्यावर अडवला. मामा तावातावाने सांगत होता, "माझ्या बांधावरचा आहे हो!" समोरचा माणूस शांतपणे म्हणाला, "असेल. पण हे लाकूड मला कसं सांगणार?" मामाकडे उत्तर नव्हतं. ऐन गेला तो गेलाच, टेम्पोवाल्याशी वैर झालं ते वेगळंच.

तुमचा सगळा प्रश्न त्या एका वाक्यात आहे. तुम्ही समजता की परवानगी म्हणजे झाड तुमचं आहे की नाही याचा निवाडा. ते झाड तुमचंच आहे, त्यावर कोणी वाद घालत नाही. पण झाड उभं असेपर्यंत ते कुठलं हे जमीन सांगते. आडवं होऊन ट्रकमध्ये चढलं की सांगणारं कोणी उरत नाही. सागाचा ओंडका तुमच्या दीड एकरातला काय किंवा राखीव जंगलातून रात्री काढलेला काय, दिसायला सारखाच. म्हणूनच भारतीय वन अधिनियम 1927 मध्ये इमारती लाकूड हे जंगलातून आलेलं असो वा नसो, 'वनोपज'च धरलं आहे. त्याच कायद्याच्या कलम 69 नुसार, वनोपज कोणाचं असा वाद उभा राहिला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचं मानलं जातं. सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर आहे आणि ते उचलायला तोडीची परवानगी आणि वाहतूक परवाना एवढी दोनच साधनं आहेत. ती नसतील तर लाकूडच नव्हे, गाडीही जप्त करण्याचा अधिकार वन अधिकाऱ्याला आहे.

आता थोडं अप्रिय बोलतो. व्यापारी "परवानगीचं मी बघतो" म्हणतो तेव्हा ती मदत आहे असं तुम्ही धरून चालला आहात. मला ती किंमत पाडण्याची रीत वाटते. कागद असलेल्या सागाला गिऱ्हाईक कुठूनही येतं. बिनकागदाचा साग घेणारे मोजकेच, आणि ते चोरीच्या मालाचा भाव देतात. तुमच्याकडे आज कागद नाहीत, म्हणून तुम्हाला दुसरा भाव ऐकायला मिळालेला नाही. उद्या तो तुमच्याच सह्यांवर परवानगी काढेल आणि माल पूर्ण भावाने विकेल. मधला फरक कोणाच्या खिशात जाईल हे मी सांगायला नको. आणि त्याने परवानगी काढलीच नाही तर? किंवा सव्वाशे झाडांची काढून दुसरीकडचा खैर, किंजळ त्याच कागदावर बाहेर काढला तर? अर्जदार म्हणून नाव तुमचं, सही तुमची. चौकशीची नोटीस ठाण्याच्या पत्त्यावर येईल.

म्हणून पहिली गोष्ट, कोऱ्या कागदावर सही नाही. हे एवढं एकच वाक्य आज फोनवर त्याला सांगा. चिडला तर विसार परत घ्यायला सांगा. वीस हजार रुपये परत करणं आज जड वाटेल, पण ते तुमच्या सुटकेच्या मानाने स्वस्त आहे. परत करताना रोख देऊ नका, बँकेतून पाठवा, म्हणजे नोंद राहील.

दुसरी गोष्ट बहिणींची. "लग्न होऊन गेल्या, संबंध नाही" हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. सातबारावर नाव आहे म्हणजे संबंध आहे, आणि तो झाडांशीही आहे. सामाईक खात्यातली झाडं तोडायला सगळ्या खातेदारांची लेखी संमती लागते. ती नसेल तर अर्ज तिथेच अडतो. किंवा त्याहून वाईट म्हणजे परवानगी मिळून झाडं आडवी झाल्यावर बहिणीची तक्रार जाते. तुमच्या बहिणी तसं करतील असं मी म्हणत नाही. पण व्यापाऱ्याने "सहीची अडचण नाही" असं सांगितलं असेल, तर त्याचा अर्थ काय होतो याचा विचार करा. त्यांना फोन करा. सही मागायला नाही, आधी सांगायला. साग विकून येणाऱ्या पैशात त्यांचा वाटा आहे, तो त्या आईच्या ऑपरेशनला देतील किंवा घेतील, ते त्यांना ठरवू द्या. आमच्याकडे येणाऱ्या जमिनीच्या पत्रांत निम्मी भांडणं पैशांवरून नसतात, "आम्हाला विचारलंसुद्धा नाही" यावरून असतात.

आता कागदांकडे येऊ. लोक 'परवानगी' असा एकच शब्द वापरतात आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. प्रत्यक्षात तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. जमीन आणि झाडं कोणाची? झाड तोडायला मुभा आहे का? तोडलेलं लाकूड गावाबाहेर न्यायला मुभा आहे का? पहिल्याचं उत्तर महसूल खातं देतं, उरलेल्या दोन्हींचं वन खातं. एक मिळालं म्हणजे दुसरं मिळालं असं होत नाही. तोडीची परवानगी हातात आहे म्हणून ट्रक भरून निघालेले आणि नाक्यावर अडकलेले लोक कमी नाहीत.

पहिल्या प्रश्नासाठी ताजा सातबारा काढा आणि 'इतर हक्क' हा रकाना नीट वाचा. कोकणात हे फार महत्त्वाचं आहे. तिथे 'खासगी वन', 'वनसंज्ञा' किंवा (वन अधिनियमाचं) 'कलम 35' असा काही शेरा असेल, तर प्रकरण साध्या वृक्षतोडीचं राहत नाही. महाराष्ट्र खासगी वने (संपादन) अधिनियम 30 ऑगस्ट 1975 पासून लागू झाला आणि कोकणातल्या कित्येक जमिनींवर त्या नोंदी आजही बसलेल्या आहेत. मालक कसतो, सारा भरतो, पण कागदावर ती जमीन वन असते. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 1996 च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशात सांगितलं, की 'वन' हा शब्द मालकी कोणाची हे न पाहता शब्दकोशातल्या अर्थाने घ्यायचा. असा शेरा आढळला तर व्यापारी, एजंट, गावातले जाणकार सगळ्यांना बाजूला ठेवून आधी वकिलाकडे जा. शेरा नसेल तर निम्मं काम झालं समजा.

त्याच सातबारावर दुसरी गोष्ट पाहा. साग लागल्याची नोंद आहे का? 1988 ची लागवड असूनही पीकपाहणीत 'पड' किंवा 'गवत' एवढंच लिहिलेलं असतं, आणि मग सव्वाशे साग आले कुठून असा प्रश्न उभा राहतो. नोंद नसेल तर ग्राम महसूल अधिकाऱ्यांना (म्हणजे पूर्वीच्या तलाठ्यांना) भेटून स्थळपाहणी करून घ्या. वडिलांनी जड्या आणल्याची पावती, जुना फोटो, काहीही सापडलं तर जपून ठेवा. (ज्यांची झाडं अजून लहान आहेत, त्यांनी ई-पीक पाहणी ॲपमध्ये ती आजच नोंदवावीत. बांधावरची झाडं नोंदवायचीही सोय त्यात आहे. वीस वर्षांनी नातवंडं दुवा देतील.) जमिनीला लागून राखीव जंगल असेल किंवा शेजाऱ्याशी बांधाचा वाद असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घेणं टाळू नका. खर्च आणि वेळ दोन्ही लागतात, हे खरं. पण हद्दीवरच्या चार झाडांनी सव्वाशे झाडांचं प्रकरण अडवलेलं मी पाहिलं आहे.

तोडीच्या परवानगीचा आधार म्हणजे महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (विनियमन) अधिनियम 1964. त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, खैर, चंदन, ऐन, किंजळ, तिवस, अंजन, हळदू, बिजा आणि खारफुटी अशी झाडं येतात. ही यादी वाचून बहुतेकांना धक्का बसतो तो आंब्या-फणसाचा. दारचा जुना रायवळ तोडायला कसली परवानगी, असं म्हणणाऱ्यांनी ती पुन्हा वाचावी. अर्ज वृक्ष अधिकाऱ्याकडे करायचा, म्हणजे व्यवहारात तुमच्या परिक्षेत्राच्या वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात, ज्याला गावात रेंज ऑफिस म्हणतात. झाडांची संख्या मोठी असली की प्रकरण वरच्या अधिकाऱ्याकडे जाऊ शकतं. सोबत सातबारा, आठ-अ (खात्याचा उतारा), वारस नोंदीचा फेरफार, गटाचा नकाशा, सगळ्यांची संमती आणि झाडांची यादी जोडायची.

ही यादी तुम्ही स्वतः करा, व्यापाऱ्याला करू देऊ नका. एक रविवार काढा, शिवणकामाची टेप, खडू आणि वही घ्या. प्रत्येक झाडाचा छातीच्या उंचीवरचा घेर मोजायचा, म्हणजे जमिनीपासून 1.37 मीटरवर. झाडाला क्रमांक, वहीत घेर, वाकडं की सरळ, पोकळ आहे का. दिवसभराचं काम आहे. पण संध्याकाळी तुम्हाला जे कळलेलं असेल ते आज तुम्हाला ठाऊक नाही आणि व्यापाऱ्याला ठाऊक आहे. उक्ता सौदा नेहमी न मोजणाऱ्याच्या अंगावर येतो.

मोजमापाचं थोडं जास्त सांगतो, कारण फसवणूक इथे होते आणि ती फसवणूक आहे हेही कळत नाही. गोल लाकूड बाजारात बहुधा पावघेर पद्धतीने मोजतात. घेराला चारने भागायचं, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. समजा मधल्या भागात 90 सेंटिमीटर घेराचा, 3 मीटर लांबीचा नग आहे. 0.9 भागिले 4 म्हणजे 0.225. त्याचा वर्ग 0.0506, गुणिले 3 म्हणजे साधारण 0.152 घनमीटर, अर्थात सुमारे 5.4 घनफूट. त्याच नगाचं खरं वर्तुळाकार घनफळ 0.193 घनमीटर भरतं. म्हणजे पावघेराने शेकडा 21 भाग कमीच दिसतो. ही रूढ पद्धत आहे, कापणीतली तूट धरूनच ती चालत आली आहे, त्यामुळे तिच्यावर भांडू नका. पण त्यावर पुन्हा "सालीची कापणी", "वाकडेपणाची सूट", "पोकळीची सूट" असं कोणी काढत गेला, तर कुठे थांबवायचं हे तुम्हाला कळायला हवं. आणि दर घनफुटाचा आहे की घनमीटरचा, ते लिहून घ्या. एका घनमीटरात 35.3 घनफूट असतात.

अर्ज दिल्यावर वनरक्षक, वनपाल जागेवर येतात, झाडं मोजतात, पंचनामा होतो. तुम्ही किंवा बहिणींपैकी कोणीतरी त्या दिवशी हजर राहा. वाळलेलं, वादळात पडलेलं, घराला धोका असलेलं किंवा वाढ पूर्ण झालेलं झाड हे परवानगीसाठी रास्त कारण आहे. तुमच्या सागाचं वय पाहता ते मांडता येईल. पत्रात तुम्ही उल्लेख केलेला नाही, पण तुमच्या भागात जमिनीतून पऱ्या (लहान ओहोळ) जात असण्याची शक्यता मोठी. पाण्याच्या प्रवाहाच्या काठापासून 30 मीटरच्या आतल्या झाडांना जमीन महसूल संहितेखालच्या नियमांत वेगळं संरक्षण आहे, म्हणून ती यादीत वेगळी दाखवा. तीव्र उताराचंही तसंच. काही अटींवर परवानगी मिळेल, त्यात नवी झाडं लावण्याची अट बहुधा असेल. ती कागदापुरती समजू नका. सागाला तर दुहेरी सोय आहे, जमिनीलगत नीट कापलेल्या बुंध्याला फुटवे येतात. त्यातला एकेक जोमदार ठेवला तर पुढच्या पिढीचा साग आपोआप उभा राहतो. सौदा करताना बुंधा किती उंचीवर कापायचा ते लिहा.

मग वाहतूक. तोड झाल्यावर नग मोजून, त्यांवर हातोड्याचा शिक्का मारून, यादीनिशी वाहतूक परवाना मिळतो. सगळे त्याला टीपी म्हणतात. राज्यात त्याचे नियम महाराष्ट्र वन नियम 2014 मध्ये आहेत. टीपीवर गाडी क्रमांक, नगांची संख्या, कुठून कुठे आणि मुदत असते. मुदत संपलेली टीपी आणि नसलेली टीपी यांत नाक्यावर फरक करत नाहीत. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने देशभरासाठी राष्ट्रीय वाहतूक परवाना प्रणालीही सुरू केली आहे, तेव्हा तुमच्या रेंजला परवाना कुठल्या मार्गाने देतात ते आधीच विचारून घ्या. टीपीची प्रत स्वतःकडे ठेवल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही, आणि त्या गाडीपुरते पैसे खात्यात जमा झाल्याशिवायही नाही.

"पाच वर्षं गेली" या भीतीबद्दल. उशीर होतो, खोटं कशाला बोलू. पण तो बहुतेक वेळा अर्धवट अर्जामुळे होतो. संमती नाही, वारस नोंद नाही, नकाशा नाही, की फाइल परत. दर वेळी लेखी पोच घ्या. त्रुटी असेल तर ती लेखी मागा, नकार असेल तर कारणासह लेखी मागा. वन खात्याच्या काही सेवा लोकसेवा हक्क अधिनियम 2015 खाली 'आपले सरकार' पोर्टलवर आहेत, तिथे अर्जाला क्रमांक मिळतो आणि पाठपुरावा सोपा जातो. तोंडी "बघू, या पुढच्या आठवड्यात" यावर ठाण्याहून चार खेपा मारू नका.

आणि पावसाआधीच कशाला? घाई व्यापाऱ्याची आहे, झाडांची नाही. उभा साग नासत नाही, उलट वाढतो. ऑपरेशन थांबणार नसेल तर त्यापुरते पैसे दुसरीकडून उभे करा, भावंडं मिळून किंवा सोनं तारण ठेवून. त्यावर काही महिने व्याज गेलं तरी कागद नसलेल्या सागात जे जाईल त्यापेक्षा ते कमीच भरेल, असा माझा अंदाज आहे. सगळीच झाडं एकदम काढायची का, हाही विचार करा. दाट लावलेल्या सागात बारीक, दबलेली झाडं काढून बाकीच्यांना जागा दिली तर उरलेली जाड होतात. छपरासाठी लागणारं लाकूड त्या विरळणीतूनही निघू शकेल. मला विचाराल तर निम्मी आज आणि निम्मी दहा वर्षांनी असा तुमचा व्यवहार बसतो. पण गरज किती आहे ते तुम्हीच जाणता.

अशाच अडचणीतल्या इतरांसाठी थोडक्यात. महापालिका किंवा नगरपालिका हद्दीत असाल तर 1975 चा नागरी क्षेत्रातल्या झाडांचा वेगळा कायदा लागतो आणि अर्ज वृक्ष प्राधिकरणाकडे जातो. तिथे 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 2021 पासून वारसा वृक्ष धरतात. महाबळेश्वर-पाचगणी, माथेरानसारख्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्रांत निर्बंध आणखी कडक आहेत. आदिवासी खातेदारांच्या मालकी लाकडाची विक्री वेगळ्या कार्यपद्धतीने होते, कारण कवडीमोलाने सागवान उचलण्याचा इतिहास आपल्याकडे मोठा आहे. तिथे खासगी व्यापाऱ्याशी परस्पर सौदा करूच नका. नीलगिरी, सुबाभूळ, सुरू अशा लागवडीच्या झाडांना सवलती आहेत, रेंज ऑफिसात यादी पाहून घ्या. वनक्षेत्राबाहेरचा बांबू 2017 च्या दुरुस्तीने वन अधिनियमातल्या 'झाड' या व्याख्येतून वगळला आहे.

कागद हातात आल्यावर त्याच व्यापाऱ्याला पुन्हा बोलवायला माझी हरकत नाही. फक्त आणखी दोघांना बोलवा आणि तुमची वही समोर ठेवून भाव मागा. फाटे आणि जळाऊ कोणाचं, तोडताना शेजाऱ्याच्या कलमांचं नुकसान झालं तर कोण भरणार, हे करारात घाला. करारावर चौघांच्या सह्या असू द्या.

आणि यादी करायला जाल त्या रविवारी आईंना बरोबर न्या. गुडघे दुखत असतील तर विहिरीच्या कट्ट्यावर बसवा. कुठली दोन झाडं ते त्या दाखवतील. त्यांना खडूने क्रमांक घालू नका.